मुलाला निरोप्या न करता: वेगळं होणाऱ्या आईवडिलांसाठी मुलकेंद्री मध्यस्थी

आईवडील वेगळे व्हायचं ठरवतात तेव्हा भांडण बहुतेक वेळा ‘कस्टडी कोणाची’ या एका प्रश्नावर अडकतं. मुलाचं रोजचं आयुष्य मात्र वेगळ्याच प्रश्नांवर चालतं. बुधवारी पोहण्याच्या क्लासहून कोण आणणार? ताप आला तर औषध कोणत्या घरी आहे? शाळेच्या कार्यक्रमाला दोघंही आले तर मुलाने आधी कोणाकडे धावायचं? मुलकेंद्री मध्यस्थीची सुरुवात या प्रश्नांपासून होते. जोडीदार म्हणून कोण चुकलं, याचा निवाडा तिथे होत नाही, आणि तो व्हावा या आशेने येणाऱ्यांची निराशा होते.

वेगळं होण्याच्या घटनेपेक्षा त्यानंतर धुमसत राहिलेलं भांडण मुलांना जास्त दुखावतं, हे या विषयातल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. म्हणून कराराचं प्रत्येक कलम एका कसोटीवर घासून बघावं: ते पार पाडताना मुलाला एकाचा निरोप दुसऱ्याला सांगावा लागतो का? ‘बाबांना सांग, शनिवारी उशीर होईल’ किंवा ‘आईला विचार, फी भरली का’ असं वाक्य घरात ऐकू येत असेल, तर करारात कुठेतरी भोक राहिलं आहे.

आधी हे ठरवा: मध्यस्थी करावी की करू नये

मध्यस्थ निकाल देत नाही. लवादाचा निर्णय बांधील असतो, न्यायाधीशाचा हुकूम पाळावा लागतो, तर समुपदेशक नातं किंवा मन सावरायला मदत करतो. मध्यस्थाचं काम म्हणजे दोघांना एका टेबलावर, किंवा दोन खोल्यांत, बसवून त्यांच्याकडून त्यांचाच तोडगा काढून घेणं. तो कोणाची बाजू घेत नाही आणि कायद्याचा सल्ला देत नाही. म्हणून प्रत्येकाने आपला वकील वेगळा ठेवावा. निदान मसुदा तयार झाल्यावर सहीआधी तो एकदा त्याला दाखवावा.

काही घरांत मात्र मध्यस्थी धोक्याची ठरते. मारहाण, पाठलाग, धमक्या, पैशाची नाकेबंदी, मुलावरचा अत्याचार, किंवा नियंत्रणाबाहेर गेलेलं व्यसन असेल तर समोरासमोर बसून ‘तडजोड’ होत नाही. एक बोलतो आणि दुसरा घाबरून मान हलवतो. याच कारणासाठी चांगला मध्यस्थ पहिली मुलाखत दोघांची स्वतंत्र घेतो, साधारण तासाभराची, आणि त्यात थेट विचारतो: त्यांच्यासमोर ‘नाही’ म्हणता येतं का? फोन, बँक खातं, येणं-जाणं यांवर कोणी नजर ठेवतं का? इथून घरी गेल्यावर काय होईल असं वाटतं? या मुलाखतीत खरं सांगा. ‘आता जुनं कशाला उकरायचं’ म्हणून गप्प बसलेला माणूस तिसऱ्या बैठकीत कोलमडतो आणि तोवर निम्मा करार चुकीच्या पायावर उभा राहिलेला असतो.

भीती आहे, पण बोलणी सुरक्षितपणे होऊ शकतील असं मध्यस्थाला वाटलं, तर दोन खोल्यांची पद्धत वापरतात. मध्यस्थ या खोलीतून त्या खोलीत निरोप नेतो. येण्याच्या वेळा वेगळ्या असतात आणि जाताना घाबरणाऱ्या व्यक्तीला १५-२० मिनिटं आधी सोडतात. व्हिडिओवरही हे करता येतं, फक्त मूल त्या वेळी घरात नसावं. बंद दारामागून मुलांना किती ऐकू येतं, याचा मोठ्यांना अंदाज नसतो.

मध्यस्थ निवडताना सौजन्यापेक्षा माहिती विचारा. कौटुंबिक हिंसा ओळखण्याचं आणि बालविकासाचं प्रशिक्षण झालं आहे का? मुलाशी बोलायची वेळ आली तर कोण बोलणार? मसुदा कोण लिहिणार? फी कशी वाटली जाणार? दोघांपैकी कोणाशी आधीची ओळख आहे का? ‘मी दोन बैठकांत मिटवून देतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

बैठकीत बोललेलं गोपनीय राहतं आणि सहसा कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण या गोपनीयतेला सीमा आहेत. मुलाला किंवा कोणाच्या जिवाला धोका असल्याचं कळलं, तर मध्यस्थ गप्प राहू शकत नाही. या सीमा पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्या. चोरून रेकॉर्डिंग करू नका. ते उघड झालं की मध्यस्थी तिथेच संपते.

बैठकीआधीचे पंधरा दिवस

बोलणी फिसकटण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे माहिती नसताना बसणं. दोघांनीही स्वतंत्रपणे मुलाची १४ दिवसांची नोंद करावी: उठणं, शाळा, जेवण, क्लास, अभ्यास, झोप, आणि प्रत्येक वेळी सोबत कोण होतं. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की ‘सगळं मीच करते’ आणि ‘मलाही सगळं माहीत आहे’ हे दोन्ही दावे जमिनीवर येतात.

सोबत आणा: शाळेचं वर्षाचं वेळापत्रक, मुलाच्या आजारांची, ॲलर्जीची आणि लसीकरणाची कागदपत्रं, स्वतःच्या कामाच्या पाळ्या आणि दौरे, दोन घरांतलं अंतर (किलोमीटर नको, गर्दीच्या वेळी लागणारी मिनिटं), उत्पन्नाचे कागद आणि मुलावर होणाऱ्या खर्चाची मागच्या १२ महिन्यांची यादी. एका महिन्याच्या यादीत वर्षाची फी, चष्मा, सहल, दाताचं काम हे निसटतं आणि पुढे त्यावरूनच वाद होतात.

मुलाला काय आणि कधी सांगायचं, हेही या काळात ठरवा. शक्य असेल तिथे दोघांनी मिळून, एकाच वेळी सगळ्या भावंडांना, पाच-दहा मिनिटांत सांगावं. शाळकरी मुलाला घर बदलण्याच्या दोन-तीन आठवडे आधी आणि अगदी लहानाला काही दिवस आधी सांगितलं तरी पुरतं. लहानांना काळाचं भान कमी असतं, म्हणून फार आधी सांगितलं तर नुसती धास्ती वाढते. सांगताना तीन गोष्टी यायलाच हव्यात: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, अमुक बदलेल आणि तमुक बदलणार नाही, हे ठरवणं आमचं काम आहे, तुझं नाही. कारणांचा पाढा वाचू नका. ‘बाबांनाच जायचंय’ हे वाक्य खरं असलं तरी मुलाच्या दृष्टीने ते बाजू घेण्याचं आमंत्रण असतं.

बैठका कशा चालतात

स्वतंत्र मुलाखतींनंतर साधारण तीन ते सहा संयुक्त बैठका लागतात. प्रत्येक बैठक दीड ते दोन तासांची असते. त्याहून लांबवू नये, कारण थकलेला माणूस सुटका म्हणून होकार देतो आणि असा होकार आठवडाभरही टिकत नाही. दोन बैठकांत दहा-पंधरा दिवसांचं अंतर असलं की ठरलेली गोष्ट करून बघता येते.

विषयांचा क्रम महत्त्वाचा आहे. मध्यस्थ सहसा सोप्या आणि तातडीच्या गोष्टींपासून सुरुवात करतो: पुढचे दोन आठवडे मूल कुठे असेल, शाळेला काय कळवायचं, फोन कधी करायचा. एवढ्यावर तात्पुरती सहमती झाली की तणाव उतरतो. घर, मालमत्ता आणि जुने हिशेब वेगळ्या बैठकीत घ्यावेत. ‘फ्लॅट माझ्या नावावर कर, मग शनिवार-रविवार तुझे’ अशी अदलाबदल सुरू झाली की मूल सौद्यातली वस्तू बनतं. अशा वेळी मध्यस्थाने बैठक थांबवली तर रागावू नका.

प्रत्येक मागणीच्या मागे काय आहे, हे शोधण्यात मध्यस्थाचा बराच वेळ जातो. ‘रात्री मुक्काम चालणार नाही’ यामागे कधी दम्याच्या पंपाची काळजी असते, कधी नव्या जोडीदाराबद्दलची अढी, तर कधी रिकाम्या घराची भीती. पहिल्यासाठी औषधाची लेखी सूचना पुरते, दुसऱ्यासाठी ओळख कधी आणि कशी करून द्यायची याचं कलम लागतं आणि तिसऱ्यासाठी समुपदेशन. मागणी तीच असली तरी उपाय तिन्ही वेगळे.

मुलाचं म्हणणं कसं ऐकायचं

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला, त्याच्याशी संबंधित बाबींत ते मोकळेपणाने मांडायचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायला हवं. मत विचारणं आणि निवड करायला लावणं यांत मात्र मोठं अंतर आहे. ‘तुला कोणाकडे राहायचंय?’ हा प्रश्न मुलाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतो.

एक मार्ग असा की मूल बैठकीला येत नाही, पण मध्यस्थ प्रत्येक प्रस्ताव मुलाच्या बाजूने तपासतो. दुसऱ्या मार्गात बालकांशी बोलण्याचं प्रशिक्षण घेतलेली वेगळी व्यक्ती मुलाला भेटते, साधारण शाळेत जाऊ लागलेल्या वयापासून पुढे, ४५ मिनिटं ते तासभर. त्यासाठी दोन्ही पालकांची संमती लागते आणि मुलाचीही. भावंडांना आधी एकेकटं भेटतात. बोलणं संपताना ती व्यक्ती मुलाला विचारते की यातलं आईबाबांना काय सांगू आणि काय सांगू नको. मुलाने रोखलेली गोष्ट बाहेर जात नाही, फक्त सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी, आणि हा अपवाद मुलाला आधीच सांगितलेला असतो.

पालकांपर्यंत जे पोहोचतं ते बहुधा छोटं आणि बोचणारं असतं: ‘दाराशी दोघं एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा पोटात दुखतं’, ‘दुसऱ्या घरी माझा स्वतःचा कप्पा नाही’. अशा दोन वाक्यांनी, तासभराच्या युक्तिवादाने न हललेली गोष्ट हलते. यात बिघाड होतो तो पढवणीमुळे. गाडीत ‘काय बोलायचं’ हे शिकवलेलं मूल मोठ्यांचे शब्द वापरतं, सगळं एका दमात सांगतं आणि तपशील विचारला की अडखळतं. प्रशिक्षित माणसाच्या हे लगेच लक्षात येतं. परत आल्यावर ‘काय विचारलं?’ अशी चौकशीही करू नका. ‘भूक लागलीय का?’ एवढं पुरे.

वेळापत्रक: रात्री मोजा, ने-आणही मोजा

करार लिहिताना सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. ‘वाजवी भेटी’, ‘परस्पर संमतीने’, ‘सोयीनुसार’ हे शब्द ऐकायला सभ्य वाटतात आणि नंतर सर्वांत जास्त भांडणं लावतात. दोघांत गोडी असेल तर त्यांची गरज नसते, आणि नसेल तर त्यांचा उपयोग नसतो.

वेळापत्रक १४ दिवसांच्या चक्रात मांडा आणि तीन आकडे काढा: प्रत्येक घरच्या रात्री किती, ने-आण किती वेळा, आणि मूल एका पालकापासून सलग जास्तीत जास्त किती रात्री लांब. नेहमी वापरात असलेल्या चार रचना या मोजपट्टीवर अशा दिसतात.

२-२-३ रचनेत मूल सोमवार-मंगळवार एका घरी, बुधवार-गुरुवार दुसऱ्या घरी आणि शुक्रवार ते रविवार पुन्हा पहिल्या घरी असतं. पुढच्या आठवड्यात हे उलटं होतं. दोन्हीकडे ७-७ रात्री, सर्वांत लांब ताटातूट ३ रात्रींची, पण ने-आण १४ दिवसांत ६ वेळा. लहान मुलांना ताटातूट कमी असल्याने हे झेपतं, मात्र आईवडील दाराशी भांडत असतील तर तीच सहा ने-आण सहा भांडणं होतात.

२-२-५-५ मध्ये सोमवार-मंगळवार कायम एकाकडे, बुधवार-गुरुवार कायम दुसऱ्याकडे आणि शनिवार-रविवार शुक्रवारसकट आळीपाळीने. इथेही ७-७ रात्री, ने-आण ४ वेळा, सर्वांत लांब अंतर ५ रात्री. याचा मोठा फायदा म्हणजे वार पक्के राहतात: मंगळवारचा तबला नेहमी त्याच घरातून. शाळकरी मुलांसाठी आमचा कल या रचनेकडे असतो, अर्थात दोन्ही घरं शाळेपासून बेताच्या अंतरावर असतील तर.

आठवडा-आठवडा रचनेत ने-आण फक्त २ वेळा, पण सलग ७ रात्री दूर. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना हे बरं पडतं, कारण त्यांना सतत बॅग भरण्याचा कंटाळा असतो. मधल्या बुधवारी दुसऱ्या पालकासोबत जेवण ठेवलं तर अंतर कमी जाणवतं.

चौथ्या रचनेत मूल मुख्यतः एका घरी राहतं, एकाआड एक आठवड्याला शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ दुसऱ्या घरी असतं आणि दर बुधवारी तिथे मुक्काम करतं. रात्री ९ आणि ५. सोमवारी सकाळी थेट शाळेत सोडण्याला इथे खास महत्त्व आहे. ज्या पालकाकडे फक्त रविवारची सहल असते तो हळूहळू पाहुणा होतो. गृहपाठ, डबा, सकाळची घाई यांत वाटा असला की पालकपण टिकतं.

समान रात्री म्हणजेच न्याय, असं मानून बसू नका. पाळीची नोकरी करणाऱ्याला सात रात्री मिळाल्या आणि त्यातल्या चार रात्री मूल तिसऱ्याच माणसाकडे झोपलं, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

वयाचा विचार हवाच. दोन वर्षांखालच्या बाळाला लांबलचक भेटीपेक्षा वारंवार भेट लागते: आठवड्यातून तीन वेळा दोन-तीन तास, आणि त्यात भरवणं, आंघोळ, झोपवणं यांपैकी काहीतरी यावं. इतक्या लहान बाळाच्या रात्रीच्या मुक्कामाबाबत तज्ज्ञांतच मतभेद आहेत. त्यामुळे बाळाला त्या पालकाची किती सवय आहे आणि अंगावरचं दूध चालू आहे का, हे पाहून टप्प्याटप्प्याने वाढवणं शहाणपणाचं. करारात टप्पे लिहून ठेवा, ‘मोठं झाल्यावर बघू’ असं ठेवू नका. किशोरवयीन मुलाला मित्र, खेळ आणि परीक्षा यांसाठी लवचीकता लागते. त्याने शनिवार मित्राकडे घालवला तर तो ‘माझा शनिवार’ चोरला गेला असं धरू नये. भावंडांची वेळापत्रकं वयामुळे वेगळी झाली, तरी काही रात्री सगळी एकत्र असतील असं पाहावं.

मुलं एकाच घरात ठेवून आईवडिलांनी आळीपाळीने तिथे राहायचं, असाही पर्याय आहे. तीन-चार महिन्यांच्या संक्रमणासाठी तो ठीक आहे. त्यानंतर फ्रिजमधल्या भाजीपासून धुण्यापर्यंत सगळ्यावर वाद सुरू होतात.

दाराशी काय होतं

मुलाच्या दृष्टीने सर्वांत अवघड क्षण म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याची दहा मिनिटं. शक्य तिथे शाळेचा उपयोग करा: सकाळी एकाने सोडावं, दुपारी दुसऱ्याने आणावं. आईवडील समोरासमोर येतच नाहीत. सुट्टीच्या दिवशी, ज्याच्याकडे मूल आहे त्यानेच दुसऱ्या घरी नेऊन सोडावं. घ्यायला आलेला पालक मुलाला खेळातून उठवून ‘नेतो’, तर सोडायला आलेला पालक ‘जा, मजा कर’ अशी परवानगी स्वतःच्या पायांनी देतो. आधीचा हिंसेचा इतिहास असेल तर सार्वजनिक जागा, तिसरी व्यक्ती किंवा देखरेखीखालची भेट ठरवावी.

या कलमात वेळ, जागा, कोण आणणार आणि आईवडिलांशिवाय आणखी कोणाला परवानगी आहे (आजी, मावशी, काका, नाव लिहून), हे असावं. उशिराचा नियमही लिहा. उदाहरणार्थ: ‘१५ मिनिटांपर्यंतचा उशीर चालेल. त्यापुढे उशीर होणार असेल तर संदेश द्यावा. कळवल्याशिवाय ४५ मिनिटं झाली तर त्या दिवशीची भेट रद्द समजावी आणि भरपाईची भेट पुढच्या १४ दिवसांत ठरवावी.’ दाराशी पैसे, वकील, नवा जोडीदार यांपैकी कशावरही बोलायचं नाही.

वस्तूंवरून अनपेक्षित भांडणं होतात. कपडे, ब्रश, चार्जर, रात्रीचा दिवा दोन्ही घरी वेगळे ठेवा. प्रवास करणाऱ्या वस्तूंची यादी आखूड असावी: दप्तर, चष्मा, चालू औषधं आणि मुलाचं लाडकं खेळणं. ‘हे खेळणं मी घेतलंय, इथेच राहील’ असा हट्ट मोठ्यांनी करू नये.

सुट्ट्या आणि खास दिवस

सणवार सम-विषम वर्षांनुसार वाटणं सोपं असतं. चूक होते ती तपशिलात. सुट्टी कधी सुरू होते: शाळा सुटल्यावर की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला? मुलाचा वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर? प्राधान्यक्रम स्पष्ट लिहा: खास दिवस सर्वांत वर, मग मोठ्या सुट्ट्या, मग नेहमीचं वेळापत्रक. आणखी एक खाचखळगा: सुट्टीनंतर शनिवार-रविवारची आळीपाळी नव्याने सुरू केली तर एका पालकाकडे सलग तीन शनिवार-रविवार जाऊ शकतात. म्हणून ‘मूळ चक्र सुट्टीतही मोजलं जाईल’ असं, किंवा ‘सलग तीन कधीही नाहीत’ असं, लिहावं. मोठ्या सुट्टीच्या तारखा ६० दिवस आधी पक्क्या करा. एकमत झालं नाही तर सम वर्षी एकाची निवड आधी, विषम वर्षी दुसऱ्याची.

निर्णय आणि निरोप

रोजचे निर्णय ज्याच्या घरी मूल आहे त्याचे: जेवण, झोप, टीव्ही. दोन्ही घरांचे नियम एकसारखे असायलाच हवेत असं नाही, मुलं दोन नियम सहज शिकतात. औषधं आणि सुरक्षितता यांवर मात्र एकवाक्यता हवी. मोठे निर्णय, म्हणजे शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, मानसोपचार, पासपोर्ट, गाव बदलणं, दोघांचे. त्यासाठी पद्धत लिहा: लेखी प्रस्ताव, ७ दिवसांत उत्तर, उत्तर नाही आलं तर एक आठवण, त्यानंतर ३ दिवस, आणि तरीही मौन असेल तर त्याचा अर्थ होकार की नकार हे आधीच ठरलेलं. तातडीच्या उपचारात जवळ असलेल्याने निर्णय घ्यावा आणि दुसऱ्याला लगेच कळवावं.

संपर्कासाठी एकच मार्ग ठेवा: एक ईमेल पत्ता, किंवा फक्त मुलाच्या गोष्टींसाठी वेगळा ग्रुप. नेहमीच्या बाबींना ४८ तासांत उत्तर, दर रविवारी एक संदेश: तब्येत, शाळा, पुढच्या आठवड्यातले बदल. शाळेकडे आणि डॉक्टरांकडे दोघांचेही नंबर नोंदवा, म्हणजे सूचना मुलाच्या तोंडून यायची गरज उरत नाही.

मुलाशी व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना वय बघा. तीन वर्षांचं मूल पाच मिनिटांत कंटाळतं, तेव्हा ‘रोज अर्धा तास’ हे कलम पाळलं जाणारच नाही. कॉल चालू असताना दुसऱ्या पालकाने खोलीत थांबून कान देऊ नये.

पैसे

मुलाचा दरमहा निर्वाह खर्च आणि प्रासंगिक खर्च वेगळे लिहा. प्रासंगिक खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात वाटणं बहुधा न्याय्य वाटतं: उत्पन्नं ३ आणि २ या प्रमाणात असतील तर वाटा ६० आणि ४० टक्के. कोणता खर्च आधी विचारून करायचा, पावती किती दिवसांत द्यायची (१५ दिवस पुरेत) आणि रक्कम किती दिवसांत चुकती करायची, हे नमूद करा. भेट आणि पैसे एकमेकांना बांधू नका: पैसे थकले म्हणून भेट रोखायची नाही, भेट हुकली म्हणून पैसे थांबवायचे नाहीत. बहुतेक कायदेव्यवस्थांत निर्वाह हा मुलाचा हक्क मानला जातो, त्यामुळे ‘मी पोटगी मागत नाही, तू भेट मागू नकोस’ असा सौदा कोर्टात टिकणं अवघड.

मूल जायला तयार नसेल तर

आधी कारण शोधा. तीन वर्षांचं मूल दाराशी रडतं आणि दहा मिनिटांत खेळायला लागतं, ती ताटातुटीची साधी भीती. आठ वर्षांचं मूल दोन्ही घरी ‘मला तिकडे जायचं नाही’ म्हणतं, तेव्हा ते बहुधा दोघांनाही खूश ठेवत असतं. तेरा वर्षांच्या मुलीला तिथे स्वतःची खोली नसेल, किंवा त्या शनिवारी सामना असेल. आणि कधी मुलाला खरंच मार बसतो, दारूचा वास येतो, कोणीतरी नकोसा स्पर्श करतं. या शेवटच्या शक्यतेत भेट थांबवून लगेच बालसंरक्षण यंत्रणा आणि वकील गाठावेत, मध्यस्थीची वाट पाहू नये.

बाकीच्या प्रसंगी दोन टोकं टाळा: ओढून नेणं आणि लगेच सगळं बंद करणं. भेटीचा काळ कमी करा, जागा बदला, तारीखवार नोंद ठेवा (काय घडलं एवढंच, अर्थ लावू नका) आणि दोन-तीन वेळा असंच झालं तर मध्यस्थाकडे परत जा. आठवडे लोटले की न भेटणं हीच सवय होते आणि ती मोडणं फार कठीण असतं.

गाव किंवा देश बदलायचा असेल तर

ने-आण बिघडेल इतकं लांब घर बदलायचं असेल, तर ६० ते ९० दिवस आधी लेखी सूचना आणि सोबत नव्या वेळापत्रकाचा प्रस्ताव, असं कलम ठेवा. देशाबाहेरच्या सुट्टीसाठी लेखी संमती, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पासपोर्ट कोणाकडे राहणार, हे लिहा.

मूल संमतीशिवाय दुसऱ्या देशात नेलं तर काय, याचं उत्तर दोन्ही देश १९८० च्या हेग बालअपहरण करारात आहेत की नाहीत यावर अवलंबून असतं. त्या करारानुसार १६ वर्षांखालच्या मुलाला, ते नेहमी जिथे राहत होतं त्या देशात लवकर परत पाठवायचं असतं, आणि कस्टडीचा निर्णय तिथलं कोर्ट करतं. अर्ज वर्षाच्या आत झाला तर परत पाठवण्याची बाजू भक्कम असते. वर्ष उलटल्यावर मूल नव्या जागी रुळलं आहे, हा बचाव उघडतो. भारत या करारात सामील झालेला नाही, म्हणून एक घर भारतात आणि एक परदेशात असलेल्या पालकांनी दोन्ही देशांतल्या वकिलांना विचारूनच प्रवासाचं कलम लिहावं.

मसुद्यापासून सहीपर्यंत, आणि पुढे

मसुदा तयार झाला की लगेच सही करू नका. सहा ते आठ आठवडे वेळापत्रक प्रत्यक्ष चालवून बघा. या काळात मोडलेली प्रत्येक गोष्ट मसुद्यात दुरुस्त करा. मग तो अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमचं भांडण माहीत नाही, आणि विचारा: १७ तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला मूल कुठे असेल? त्याला कराराच्या आधारे उत्तर देता आलं नाही, तर भाषा अजून ढिली आहे.

नुसत्या सहीचा करार अनेक ठिकाणी कोर्टाकडून अमलात आणता येत नाही. त्यासाठी तो कोर्टापुढे मांडून संमतीचा हुकूम घ्यावा लागतो. मुलाच्या हिताला बाधक वाटलं तर कोर्ट तो नाकारू किंवा पुढे बदलू शकतं, त्यामुळे ‘हा करार कायमचा, कधीच बदलणार नाही’ अशी वाक्यं लिहून काही साधत नाही.

वादासाठी चढती शिडी करारातच घाला: आधी लेखी बोलणं, ७ दिवस; नाही जमलं तर २१ दिवसांत मध्यस्थाकडे एक बैठक, फी निम्मी-निम्मी; तरी नाही तर कोर्ट. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर या पायऱ्या लागू नाहीत, हेही स्पष्ट करा. बैठक होईपर्यंत जुनंच वेळापत्रक चालू राहील, ही ओळ विसरू नका, नाहीतर वाद उकरणाऱ्याला आपोआप हवं ते मिळतं.

पहिला फेरआढावा तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा शाळेचं नवं वर्ष सुरू होण्याच्या दोन महिने आधी, आणि शिवाय ठरावीक वळणांवर: मूल पहिलीत जाताना, माध्यमिक शाळेत जाताना, कोणाची नोकरी किंवा घर बदलताना, नवा जोडीदार सोबत राहायला येण्याआधी. आढाव्याला मागच्या काळात केलेल्या अदलाबदलींची यादी घेऊन बसा. एकच बदल तीन-चार वेळा करावा लागला असेल, तर तोच नवा नियम म्हणून लिहून टाका. सुधारलेल्या प्रतीवर तारीख घाला, जुनी प्रत रद्द असल्याचं त्यावर नोंदवा आणि वेळापत्रकाचं एक पान, पैशाचा मजकूर वगळून, शाळेत आणि मुलाला सांभाळणाऱ्या आजीआजोबांकडे द्या.